जुन्या बाजारातला गोव्याचा नकाशा: अस्सल की ऑफसेट?

शनिवारपेठी: रविवारी जुन्या बाजारात फ्रेमसकट एक नकाशा घेतला. एकाच पानावर चार शहरं: मोरोक्कोतली अंफा आणि अझम्मूर, शिवाय दीव, गोवा. गोव्यापाशी लॅटिन मजकूर आणि १५०९ हे साल. विकणारा म्हणतो, चारशे वर्षांचा आहे. कसं ओळखायचं?

वाळवी: संपादक ब्राउन आणि कोरणारा होगेनबर्ग यांच्या शहरांच्या अ‍ॅटलसमधलं, पहिल्या खंडातलं पान. जर्मनीतल्या कोलोनला १५७२ ते १६१७ मध्ये सहा खंड निघाले, पाचशेवर चित्रं. ब्राउन काही गोव्याला आला नव्हता. मिळतील तिथून चित्रं जमवायची आणि तांब्यावर कोरून घ्यायची, असा कारभार. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, म्हणजे १५०९ ही मूळचीच चूक. नकलेतही ती असणारच.

जुळारी: सालं राहू द्या, आधी फ्रेम काढा. नारायण पेठेतल्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवण्यात माझा जन्म गेला, म्हणून सांगतो.

भिंग घ्या आणि रंगावर धरा. लाल, निळे, पिवळे ठिपके दिसले की ऑफसेट, म्हणजे आजकालची यंत्रावरची रंगीत छपाई, विषय संपला. मूळ छपाई फक्त काळी. रंग नंतर कुंचल्यानं भरायचे, म्हणून तो रेघेबाहेर सांडलेला दिसतो.

ठिपके नसतील तर चित्राभोवती बोट फिरवा. आमच्या खिळ्यात शाई उंचवट्यावर लागते. इथं उलटं, ती तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या खाचेत बसते. ओलसर कागद पत्र्यावर ठेवून रुळाखालून जबर दाबानं काढतात. त्यामुळे पत्र्याच्या कडांचा चौकोन कागदात रुततो.

मग पाठ बघा. अ‍ॅटलसच्या पानामागे त्या शहरांची माहिती असते, लॅटिन, जर्मन किंवा फ्रेंचमध्ये, आणि ती खिळ्यांनी छापलेली. म्हणजे एकच कागद दोन वेगळ्या यंत्रांतून गेला! एवढं करून अक्षरं सरळ ओळीत, याला म्हणतात काम. पाठ कोरी असेल तर मी तरी पैसे मोजणार नाही.

शनिवारपेठी: काका, ठिपके नाहीत. मागे बारीक मजकूर आहे, मधोमध घडीही. पण चौकोन एकाच बाजूला जाणवतो.

जुळारी: घडी असायचीच, पान दुमडून बांधलेलं असतं. बाकीच्या कडा कुणी फ्रेमसाठी कापल्या असतील. कापणाऱ्याला काय म्हणावं! आता उजेडापुढे धरा, कागदात जुन्या हातकागदाच्या जाळीसारख्या रेघा दिसतात का बघा. दिसल्या तर भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन जाणत्या माणसाला विचारा. आणि तोवर फ्रेमवाल्याला पुठ्ठ्यावर डकवू देऊ नका, सेलोटेप तर अजिबात नको.