अनुभव धागा: कॅन्सरच्या पेशंटची शेवटची काळजी घरी घेतली तेव्हा

'आता घरीच घेऊन जा' म्हटल्यावर पुढे नेमकं काय करायचं, हे फारसं कोणी सांगत नाही. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी लिहावं. धीर देणारं नसलं तरी चालेल. पैशांचं मोकळेपणानं लिहा, रात्री कोण जागलं आणि नोकरी कोणी सोडली तेही लिहा. कुठली पॅथी चांगली हा वाद इथे नको.

कोथरूडकर
सासूबाईंना अंडाशयाचा कॅन्सर, पोटात सारखं पाणी व्हायचं. केमो थांबवून घरी आणलं. हॉस्पिटलचं मोठं बिल गेलं आणि फुटकळ बिलं सुरू झाली: फॉलर बेड (डोक्याकडून वर उचलता येणारा) भाड्यानं, एअर मॅट्रेस विकत, डायपर, अंडरपॅड, ब्युरोची बाई. बाई सगळ्यांत महाग. दिवसाची परवडली, रात्रीची नाही. म्हणून रात्र माझ्याकडे आली आणि मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. नवऱ्याच्या हिशेबात माझा बुडालेला पगार नव्हताच, मी तो लिहायला लावला. मेडिक्लेमनं हात वर केले: ॲडमिट नाही तर क्लेम नाही.

फायदा सांगते. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करणारं केंद्र आहे, तिथली माणसं घरी यायची, एक पैसा न घेता. कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय बघायचं, हे नर्सनं शिकवलं. दुखणं थांबवणारी मॉर्फिनची गोळी दर ४ तासांनी, गजर लावून. दुखायची वाट बघायची नाही. पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतंच. सासरे म्हणायचे, "अफू देताय तिला, सवय लागेल." नर्स त्यांच्याशी निवांत बोलत बसली, तेव्हा कुठे ते गप्प झाले. कळा थांबल्यावर सासूबाईंनी पिठलं मागितलं. दोन घास खाल्ले आणि मीठ कमी आहे म्हणाल्या!

माणदेशी
ताई, तुमच्याकडं नर्स दारात आली. आमच्या वाडीवर डॉक्टरच शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी. वडिलांना तोंडाचा कॅन्सर, तंबाखूचा. तालुक्यात एकाही मेडिकलमध्ये मॉर्फिन नाही. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याची भीती दुकानदारांच्या मनातून गेलेलीच नाही. २०१४ च्या दुरुस्तीनं मान्यता मिळालेल्या संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, पण त्या संस्था शहरात. भाऊ एसटीनं पुण्याला जायचा. गोळ्या स्वस्त, तिकीट आणि बुडालेला रोज महाग. दोन शेळ्या त्यातच गेल्या.

गालाच्या जखमेला वास यायचा. डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकायला सांगितली. वास बराच कमी झाला, नातवंडं परत जवळ बसायला लागली. आईचं काम कोणी मोजलं नाही. तिनंही नाही.

गिरगावची
घरी ठेवायला आधी घर लागतं. आमची १० बाय १२ ची खोली, पाच माणसं, संडास गॅलरीच्या टोकाला. काकांना वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात ठेवलं, तिथे शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटना सांभाळतात. १९८६ पासूनची संस्था आहे, पैसे घेत नाहीत. नातेवाईक कुजबुजले, "टाकलं म्हाताऱ्याला." त्यांनी एकदा त्या गॅलरीतून बेडपॅन नेऊन दाखवावा.

एर्नाकुलमवासी
मी नोकरीसाठी केरळात. शेजारच्या आजींकडे पंचायतीची नर्स यायची. केरळनं २००८ मध्येच अशा घरच्या काळजीसाठी धोरण आणलं, आणि कामाचा मोठा भार गावातले स्वयंसेवक उचलतात. एक रिक्षावाला संध्याकाळी आजींपाशी बसायचा, तेवढ्यात मुलगी बाजारात जाऊन यायची. वरच्या सगळ्या हिशेबांत हाच तास कुणाला मिळालेला दिसत नाही.

कोथरूडकर
एक राहिलं. घरी माणूस गेलं तर मृत्यूचा दाखला कोण देणार, हे आधीच ठरवा. आमचे फॅमिली डॉक्टर नेमके गावाला. दुसरे म्हणाले, मी पेशंट पाहिलाच नाही, सही कशी करू? त्या कागदाशिवाय स्मशानात नोंद होईना. पहाटेपासून दुपारपर्यंत तेच चाललं होतं. दोन डॉक्टरांशी बोलून ठेवा आणि जुनी फाइल हाताशी ठेवा.

माणदेशी
उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्यांचं काय केलं?

कोथरूडकर
केंद्रात परत दिल्या, त्यांनी मोजून घेतल्या. घरात ठेवू नका, पोरंबाळं असतात. आणि आमची एअर मॅट्रेस पडून आहे, पंप चालू आहे. पुण्यात कोणाला हवी असेल तर घेऊन जा, पैसे नकोत.