सगळंच यूटीसीत टाकू नका

कॅलेंडर अ‍ॅप बनवणाऱ्यांना 'सगळ्या नोंदी यूटीसीत (जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत) साठवा, कटकट मिटते' असा सल्ला मिळतो. मीटिंगसाठी तो बरोबर, पण दिवसभराच्या नोंदीची त्याने पार वाट लागते. १५ ऑगस्टची सुट्टी पुण्यात मध्यरात्रीपासून धरून साठवली की यूटीसीत ती १४ तारखेला १८:३० वाजता सुरू होते. न्यूयॉर्कच्या फोनवर तीच १४ च्या दुपारी अडीचपासून १५ च्या अडीचपर्यंत, अशी दोन दिवसांवर पसरलेली दिसते. सुट्टीला फक्त तारीख असते, तेवढीच साठवा. आयकॅलेंडर, म्हणजे अ‍ॅपांनी एकमेकांना कॅलेंडरच्या नोंदी पाठवायची ठरलेली पद्धत, तिच्या प्रमाणात (आरएफसी ५५४५, २००९) वेळ आणि टाइमझोन नसलेला 'डेट' प्रकार त्यासाठीच आहे. फक्त त्यात शेवटची तारीख धरत नाहीत. १५ च्या एकाच दिवसाच्या नोंदीचा शेवट १६ लिहायचा. इथे भलेभले चुकतात.

जावास्क्रिप्टवाल्यांनो, 'डेट'ला नुसतं '२०२५-०८-१५' दिलंत तर ती यूटीसीची मध्यरात्र मानली जाते, म्हणजे भारतात १५ ची पहाट, पण अमेरिकेत अजून १४ तारीखच. भारतात बसून चूक दिसतच नाही, अमेरिकेतला टेस्टर बोंब मारतो तेव्हा कळतं.

संकष्टीचं प्रकरण आणखी वेगळं. तिची तारीख चंद्रोदयावर ठरते आणि चंद्रोदय स्थानिक, त्यामुळे न्यूजर्सीत तारीखच निराळी येऊ शकते. ती नोंद शहरागणिक स्वतंत्रच हवी.