डकोटांच्या ढोलाशी स्त्रियांनी बसावे का?

पाणकणीस:
अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मॅनकेटो येथे २६ डिसेंबर १८६२ रोजी डकोटा या मूलनिवासी लोकांपैकी ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. त्यांच्या स्मरणार्थ तेथे १९७२ पासून 'वाचिपी', म्हणजे नृत्यमेळा, भरतो. तेथे पाहिले, की मोठ्या ढोलाभोवती पुरुष बसतात, प्रत्येकाच्या हाती एकच टिपरू असते, आणि स्त्रिया त्यांच्या पाठीमागे कडे करून उभ्या राहून वरच्या पट्टीत सूर धरतात. मात्र ओजिब्वे या दुसऱ्या मूलनिवासी लोकांत सांगितल्या जाणाऱ्या कथेप्रमाणे हा ढोल मिळाला तो एका डकोटा स्त्रीला. अमेरिकी सैनिकांच्या तावडीतून सुटून ती तळ्यात कमळपानांआड लपून राहिली असता तिला दृष्टान्त झाला, आणि त्याच ढोलाने डकोटा आणि ओजिब्वे या जुन्या वैऱ्यांत सलोखा घडवला. जिला ढोल मिळाला, तिच्याच लेकींना त्यापाशी जागा का नसावी?

उंबरठा:
आपण ढोलाला वाद्य समजत आहात, घोळ तेथेच आहे. डकोटा भाषेत त्याला 'चांचेगा', शब्दशः लाकडाचे भांडे, म्हणतात. पण त्याच्याशी वागणूक जिवंत वडीलधाऱ्याशी असावी तशी असते. त्याला तंबाखू अर्पण करतात, त्याच्यावर काही ठेवत नाहीत, त्याला एकटे सोडत नाहीत. त्याचा ठोका म्हणजे हृदयाचा ठोका, आणि जीव जन्माला घालणारी स्त्री ती शक्ती मुळातच बाळगते, असे अनेक जाणते सांगतात. शिवाय कथेतील त्या स्त्रीनेच ढोल पुरुषांच्या हाती सोपवला, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

पाणकणीस:
सोपवला, हे मान्य. परंतु 'तुमच्यात शक्ती आहेच, म्हणून तुम्ही दूर राहा' हा युक्तिवाद आपल्याकडच्या देवघराच्या दारातही ऐकलेला आहे, आणि तो तितकाच गोड लागतो. पुण्याच्या ढोल-ताशा पथकांत मुली आल्या, तेव्हाही नाके मुरडली गेलीच होती.

उंबरठा:
पथकांचा निर्णय आपल्याच माणसांनी घेतला, कुणा परदेशी पाहुण्याने नव्हे. अमेरिकी सरकारने १८८३ च्या नियमांनी ही नृत्येच गुन्हा ठरवली. मूलनिवासींच्या धर्मपालनाच्या हक्काला कायद्याने स्पष्ट मान्यता मिळायला १९७८ साल उजाडले. ज्यांनी एवढ्या काळात ढोल जपून ठेवला, त्यांना आपण सुधारणेचे धडे देणे मला तरी शोभत नाही.

मधला पार:
दोघांनाही एक विचारतो. मूलनिवासी स्त्रियांची स्वतःची ढोलपथके काही ठिकाणी आहेत, आणि त्यांच्यावरून वाद त्यांच्या समाजातच चालतो. म्हणजे 'त्यांची परंपरा' असे एकच मत नाही. मग उंबरठा ज्यांचा मान राखू पाहतात, ते नेमके कोण?

उंबरठा:
ज्यांच्या घरी तो ढोल सांभाळला जातो, ते. त्यांनी उद्या मुलीला बसवले, तर मी हरकत घेणार नाही.

पाणकणीस:
मग त्या मुलीने मागणे मांडले, तर तेही ऐकू द्या. माझा प्रश्न तेवढाच होता.