रिवॉर्ड तिकीट रद्द केलं, पॉइंट परत आले. पण मधल्या काळात ‘मेलेले’ ३१,००० कोणाचे?

सदाशिवपेठी_विमान
ऑक्टोबरात मी आणि बायकोने विमान कंपनीकडे साठवलेल्या रिवॉर्ड पॉइंटांवर मुंबई–लंडन–मुंबई अशी दोन तिकिटं काढली. लेक तिथे शिकते, डिसेंबरात तिच्याकडे जायचं होतं. १,२०,००० पॉइंट गेले, वर कर आणि अधिभार रोख भरले. निघायच्या नऊ दिवस आधी बाबा मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं. तिकिटं रद्द केली.

दर तिकिटामागे ३,५०० रुपये कापले. ठीक आहे, अटींत लिहिलं होतं. पाच दिवसांनी खातं उघडलं तर जमा ८९,०००. फोन केला. पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, “सर, उरलेल्या पॉइंटांची व्हॅलिडिटी ३० नोव्हेंबरला संपली.”

अहो, ३० नोव्हेंबरला ते पॉइंट माझ्याकडे होतेच कुठे? ऑक्टोबरातच तुम्ही घेतले होते! माझं म्हणणं एवढंच: रद्द करण्याचं शुल्क घ्या, पण तिकीट निघालं की मुदतीचं घड्याळ थांबलं पाहिजे. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. शिवाय ही अट बऱ्याच ठिकाणी आहे.

हिशेबनीस
बाबांना लवकर बरं वाटो. पण मुद्दा पटला नाही. दूध शेजाऱ्याच्या फ्रिजमध्ये ठेवलं म्हणून पिशवीवरची तारीख पुढे सरकत नाही. तुम्ही वापरले ते मरणाच्या दारातले पॉइंट होते, हे तुम्हालाही ठाऊक असणार. म्हणूनच तर घाईने ऑक्टोबरात तिकीट काढलंत ना?

घड्याळ थांबवलं तर काय होईल सांगतो. मुदत संपत आली की जो तो वर्षभरानंतरचं कुठलंही तिकीट काढून ठेवेल आणि सावकाश रद्द करेल. पॉइंट अमर. रिवॉर्डच्या जागा आधीच मूठभर, त्याही अशा खोट्या बुकिंगांनी अडवल्या जातील.

सदाशिवपेठी_विमान
दूध मी शेजाऱ्याकडे ठेवलं नव्हतं, त्याला विकलं होतं. व्यवहार मोडला तर मला ताजी पिशवी द्या किंवा पैसे द्या. नासलेली पिशवी परत करून वर ३,५०० हमाली कसली घेता?

घाईबद्दल बोललात ते मात्र खरं आहे. नाकारत नाही.

मोरपंखी
+१. नोटाबंदी आठवली. वाण्याला पाचशेची नोट दिली, माल परत केला, आणि तो तीच नोट परत देतोय, ९ नोव्हेंबर २०१६ ला.

हडसनपलीकडे
न्यू जर्सीतून. इथे अमेरिकन, युनायटेड आणि डेल्टा या तिन्ही विमान कंपन्यांनी कोविडच्या साथीपासून पॉइंट परत जमा करण्याचं शुल्क काढून टाकलंय. (डेल्टाच्या सगळ्यात स्वस्त बेसिक तिकिटावर मात्र रद्द केलं की माइल्स, म्हणजे त्यांचे पॉइंट, कापतात.) डेल्टाच्या माइल्सना तर मुदतच नाही.

आता प्रामाणिक कबुली. शुल्क नाही म्हणून मीही उन्हाळ्यात भारतात येताना दोन-दोन तारखा धरून ठेवतो. कोणती सुट्टी मंजूर होईल ते आधी कळत नाही. मग एक सोडतो, कधी कधी अगदी आठवडा उरला असताना. गेल्या वर्षी माझ्या सख्ख्या बहिणीला त्याच विमानात जागा मिळाली नाही. नंतर लक्षात आलं, तिच्या जागा मीच अडवल्या होत्या. तेव्हा हिशेबनीस म्हणतात त्यात तथ्य आहे. फुकटेपणाची किंमत कोणीतरी मोजतंच. इथे ती पॉइंटांच्या भावात मोजतात: कुठल्या प्रवासाला किती पॉइंट याचा ठरलेला तक्ता गेला, आता मागणी वाढली की आकडा वाढतो.

दादरची_काउंटरवाली
वीस वर्षं तिकिटं काढतेय, म्हणून थोडं कामाचं. पॉइंटांच्या भांडणात लोक रोख रक्कम विसरतात. आधी ती बघा.

डीजीसीएचा, म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतूक नियामकाचा, नियम आहे: तिकीट रद्द करा किंवा वापरूच नका, वैधानिक कर आणि विमानतळाची यूडीएफसारखी फी परत द्यायचीच. भाडं ना-परतावा असलं, सवलतीचं असलं, तरीही. परदेशी कंपन्यांना मात्र परताव्यासाठी त्यांच्या देशाचे नियम लागतात.

पण ‘टॅक्सेस’ म्हणून तुम्ही जे भरता ते सगळं सरकारकडे जात नाही. तिकिटावर ‘वायक्यू’ किंवा ‘वायआर’ असं लिहिलेला आकडा हा कंपनीचाच अधिभार. लंडनहून परत येताना लागते ती एअर पॅसेंजर ड्यूटी, ती खरी सरकारी. विमानात बसलाच नाहीत तर ती देय नाही. पावतीवरची फोड काढा आणि ओळ न ओळ विचारा. फोनवर नाही, ईमेलवर.

आणि ‘नंतर बघू’ म्हणून नो-शो, म्हणजे रद्द न करता नुसतंच गैरहजर, कधीही होऊ नका. बऱ्याच ठिकाणी उड्डाणाच्या २४ तास आधीपर्यंतच पॉइंट परत मिळतात. नंतर शंख.

सदाशिवपेठी_विमान
धन्यवाद ताई. फोड काढली. आम्ही ज्याला कर समजत होतो त्यातला निम्म्याहून जास्त भाग वायक्यू निघाला! तो परत आलाय. ड्यूटी अजून नाही. आजच लिहितो.

राइनकाठ
जर्मनीतून. रद्द कोणी केलं हे महत्त्वाचं. युरोपच्या २६१/२००४ नियमात स्पष्ट लिहिलंय की फुकट तिकिटाला संरक्षण नाही, पण फ्रीक्वेंट फ्लायर कार्यक्रमातल्या, म्हणजे विमान कंपनीच्या पॉइंट योजनेतल्या, तिकिटाला आहे. कंपनीने उड्डाण रद्द केलं तर पॉइंटवाला प्रवासीही पूर्ण प्रवासी. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या २०२४ च्या नियमातही परतावा मूळ रूपातच द्यायचा आहे: कार्डाने भरलं तर कार्डावर, माइल्स भरले तर माइल्समध्ये.

धागाकर्त्याने मात्र स्वतः रद्द केलंय. तिथे पॉइंटांसाठी कुठलाच कायदा धावून येत नाही, फक्त अटी.

हिशेबनीस
तेच म्हणतोय. अटी म्हणजेच करार. पॉइंट ही मालमत्ता नाही, सवलतीचं आश्वासन आहे. आश्वासनाला तारीख असू शकते.

मोरपंखी
मालमत्ता नाही? २०२० मध्ये डेल्टाने स्कायमाइल्स या आपल्या पॉइंट कार्यक्रमाच्या तारणावर नऊ अब्ज डॉलर उभे केले, पुढच्या वर्षी अमेरिकनने आपल्या ॲडव्हांटेज कार्यक्रमावर दहा अब्ज. सावकाराकडे सोनं आणि आमच्याकडे कथील?

हिशेबनीस
गहाण टाकला तो कार्यक्रम: ब्रँड, बँकांकडून येणारा पैसा, करार. तुमचे पॉइंट नव्हेत. तुमचे पॉइंट कंपनीच्या ताळेबंदात देणं म्हणून बसतात.

दादरची_काउंटरवाली
एक भाबडा प्रश्न. तिकीट निघालं पण विमान उडालं नाही, तोवर ते देणं संपतं का?

हिशेबनीस
नाही. इंड एएस ११५ या हिशेबाच्या भारतीय मानकाप्रमाणे प्रवास झाला किंवा पॉइंट बुडाले की मगच ते उत्पन्न. तिकीट काढून ठेवलेलं, प्रवास व्हायचाय, तोवर देणंच.

सदाशिवपेठी_विमान
म्हणजे ३० नोव्हेंबरला माझे ३१,००० त्यांच्या वहीत जिवंत होते! मी ९ डिसेंबरला रद्द करेपर्यंत जिवंत. मी रद्द केल्या क्षणी ते मागच्या तारखेने मेले. असा मृत्यूचा दाखला कुठली ग्रामपंचायत देते हो?

हिशेबनीस
...हं. हे जरा अडचणीचं आहे खरं. हिशेबाच्या अंगाने तुमचा मुद्दा मान्य. पण पूर्ण वर्षाची नवी मुदत मागू नका. जेवढे दिवस पॉइंट तिकिटात अडकले होते तेवढेच दिवस परत द्यावेत. तुमचे चाळीस-पंचेचाळीस दिवस. त्यात फुकट्यांची सोय होत नाही आणि तुमच्यावर अन्यायही होत नाही.

हडसनपलीकडे
हे मला पटतं. फक्त तक्रारी जपून करा, गंमत म्हणून सांगतो. नॉर्थवेस्ट या अमेरिकन विमान कंपनीने फार तक्रारी करतो म्हणून एका सभासदाला कार्यक्रमातून काढून टाकलं होतं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये निकाल एकमताने कंपनीच्या बाजूने लागला.

कोथरूडचा_चक्रधर
माफ करा, पण एवढी चर्चा मुळात साठवण्याच्या रोगामुळे. पॉइंट म्हणजे लोणचं नव्हे, मुरून चांगलं होत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली तेव्हा पॉइंटांनी कोण उडलं? जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली, तिथले पॉइंट वाचले ते कार्यक्रम वेगळ्या कंपनीत होता म्हणून. मिळाले की उडवा. मुंबई–गोवा करा, नागपूरला मावशीकडे जा. लंडनची वाट बघत बसता आणि मग रडता.

सदाशिवपेठी_विमान
नागपूरला मावशी नाही, लंडनला लेक आहे. तिथे काय करू?

दादरची_काउंटरवाली
चक्रधर, उपदेश सोपा असतो. पण एक खरं: बहुतेक ठिकाणी जुने पॉइंट आधी कापले जातात. म्हणून तिकीट काढण्याआधी खात्यात ‘एक्स्पायरिंग’ किती ते बघा. जायचं पक्कं नसेल तर तेवढे पॉइंट लांबच्या तारखेच्या तिकिटात घालू नका. आजारी माणूस घरात असेल तर मी गिऱ्हाइकाला सरळ रोख तिकीट सांगते, तारीख बदलता येणारं. बाबा कसे आहेत?

सदाशिवपेठी_विमान
वॉकर घेऊन हॉलपर्यंत येतात. आता लेकच ईस्टरच्या सुट्टीत इकडे येतेय.

हिशेबनीस
छान. तिचं तिकीट पॉइंटांवर काढणार? उरलेल्या ८९,००० ची मुदत कधीची आहे?

सदाशिवपेठी_विमान
आत्ता बघितलं. ३१ मार्च.