३३५ क्रमांकाच्या माणसाचा उतार कुठे गेला?

प्रश्न: आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘स्लीपस्टडी’ डेटावर एम.ए.चा सराव करतेय. रोज ३ तासांचीच झोप दिलेले १८ जण, प्रत्येकाच्या दिवस ० ते ९ च्या प्रतिक्रिया-वेळा. सरासरीने वेळ रोज साधारण १०.५ मिलिसेकंदांनी वाढते. पण ३३५ क्रमांकाच्या माणसाची स्वतंत्र रेषा काढली की उतार (म्हणजे रोजचा बदल) उणे २.९, आणि सगळ्यांच्या नोंदी एकत्र धरून प्रत्येकाचा उतार काढणाऱ्या मिश्र मॉडेलमध्ये जेमतेम उणे ०.३! एकटा माणूस वेगळा वागतोय, तोच मला बघायचाय. मॉडेल त्याला पुसतंय का?

उत्तर १: पुसत नाही गं. दहाच नोंदी, त्यात अवशिष्ट विचलन, म्हणजे रेषेभोवती नोंदींचं विखुरणं, २५ मिलिसेकंदांच्या वर. एवढ्यावर त्याचा उतार ठामपणे कसा सांगणार? म्हणून मॉडेल त्याला गटाकडे ओढतं. ३०८ क्रमांकाचा बघ: त्याचा उतार २१.८ चा १९.७ झाला, तरी उठून दिसतोच.

उत्तर २: ताई, आधी एक करा. दिवस ० आणि १ सरावाचे होते, दिवस २ पायाभूत मोजणीचा. झोप तोडली ती त्यानंतर. पहिले दोन दिवस काढूनच मॉडेल चालवा.

प्रश्नकर्ती: हे फार महत्त्वाचं सांगितलंत दादा! म्हणजे सरावाने आलेला वेगही त्या रेषांत मिसळलेला असणार. आज रात्रीच बसते, १८ ही जणांचे आलेख वेगवेगळे काढून इथे टाकते.