निरनिराळ्या श्रद्धांच्या ज्येष्ठांसाठी निवासात कोणते आध्यात्मिक उपक्रम घ्यावेत?

प्रश्न : कार्यक्रम समन्वयक, वर्धा रोड, नागपूर

नमस्कार. ज्येष्ठांच्या एका असिस्टेड लिव्हिंग निवासात मी दिवसभराच्या कार्यक्रमांची आखणी करते. आमच्याकडील बहुतेकांना आंघोळ, औषधे किंवा चालणे यांपैकी कशात ना कशात मदत लागते, त्यामुळे त्यांना स्वतःहून मंदिरात, विहारात, मशिदीत किंवा चर्चमध्ये जाता येत नाही. त्यांच्या श्रद्धेला जे हवे ते निवासातच मिळावे लागते. सध्या रोज सायंकाळी चहानंतर सभागृहात हरिपाठ आणि आरती होते, एकादशीला भजनी मंडळ येते, गणपती आणि महालक्ष्म्या थाटात बसतात. बहुसंख्य रहिवासी यात मनापासून रमतात आणि हे बंद व्हावे असे मला मुळीच वाटत नाही. परंतु आमच्याकडे बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती आणि जैन रहिवासीही आहेत, शिवाय देव न मानणारे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. टाळांचा आवाज सुरू झाला की यांतील काही जण मुकाट्याने आपापल्या खोलीत जातात. कोणी तक्रार करत नाही, पण सगळ्यांनी एकत्र बसण्याची वेळ तीच असल्यामुळे त्यांचा सहवास नेमका तेव्हाच तुटतो, याची मला फार खंत वाटते.

व्यवस्थापनाने महिन्यातून एकदा सर्वधर्म कार्यक्रम घेण्याचे सुचवले आहे. तेवढ्याने भागेल का? मनुष्यबळ मोजकेच आहे, हे लक्षात घेऊन कृपया सांगावे.

उत्तर : एका रहिवाशाची मुलगी, इंदोरा

माझी आई दुसऱ्या एका निवासात राहते आणि ती बौद्ध आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांना देव मानणार नाही व त्यांची उपासना करणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. आई तेव्हा शाळकरी वयाची होती आणि आजोबांबरोबर त्या मैदानावर होती. आरतीच्या वेळी ती उठून जाते, तेव्हा ती कोणावर रुसलेली नसते. घेतलेला शब्द पाळत असते. "आजी, बसा ना, देव एकच आहे," असे कोणी अगदी मायेने म्हटले, तरी त्या मायेत तिने शब्द मोडावा अशी विनंती दडलेली असते. तुमच्या कर्मचाऱ्यांना हे आधी समजावून सांगा, असे मी कळकळीने सुचवीन. त्यासाठी ना पैसा लागतो ना मनुष्यबळ.

दुसरे असे की, प्रवेशाच्या अर्जातील धर्माच्या रकान्यावरून काहीच ठरवू नका. आपल्या विदर्भात महानुभाव पंथाची कितीतरी कुटुंबे आहेत. अर्जावर ती हिंदूच असतात, पण इतर देवतांची पूजा त्यांना चालत नाही. म्हणून प्रत्येकाशी निवांत बसून बोलावे. सकाळी उठल्यावर काय म्हणता, कोणते दिवस पाळता, ताटात काय चालत नाही, आजारपण वाढले तर कोणाला बोलवावे, अंत्यविधी कसा व्हावा, आणि आपल्यासमोर काय होऊ नये असे वाटते, हे विचारावे. शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आईच्या निवासात आता सकाळी परिचारिका तिला खुर्चीत बसवून बुद्धमूर्तीसमोर फुले ठेवून देते आणि आई आपले त्रिशरण-पंचशील म्हणते. शेजारच्या खोलीत ऑक्सिजनचे यंत्र असल्यामुळे मेणबत्तीऐवजी बॅटरीवरचा दिवा लावतात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात जवळच्या विहारातील उपासिका वाचनासाठी येतात. महिन्यातून एकदा होणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमापेक्षा रोजची ही दहा मिनिटे तिला मोलाची आहेत.

उत्तर : निवृत्त शिक्षक, महाल

ताईंचे म्हणणे मला पटते, तरीही एकत्र प्रार्थनेची वाट सोडून देऊ नये असे माझे मत आहे. आपल्यापासून दोन तासांच्या अंतरावरील सेवाग्राम आश्रमात सकाळ-संध्याकाळ सर्वधर्म प्रार्थना होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी रुजवलेले सकाळचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना विदर्भातील गावोगावच्या माणसांनी लहानपणापासून अनुभवली आहे. या दोन्ही प्रथा टिकल्या, कारण त्या रोजच्या आहेत, साध्या आहेत आणि तेथे कोणाला कोणाचा प्रतिनिधी म्हणून उभे राहावे लागत नाही. याउलट महिन्याच्या सर्वधर्म कार्यक्रमात निवासातील एकुलत्या एका मुस्लिम आजोबांना सर्वांसमोर कुराणातील आयत म्हणायला लावले जाते आणि फोटो काढला जातो. त्यातून त्यांना काय मिळते, याचा व्यवस्थापनाने विचार करावा.

माझी सूचना अशी की, प्रथम चहा आणि हरिपाठ यांची जोडी सोडवावी. चहानंतर अर्धा तास सगळ्यांचा राहू द्यावा. त्यात वर्तमानपत्राचे वाचन, जुन्या नागपूरच्या गप्पा आणि शेवटी पाच मिनिटे सामूहिक मौन असावे. मौनात कोणी नाम घेईल, कोणी श्वासाकडे लक्ष देईल, प्राध्यापक महाशय केवळ शांत बसतील. त्यानंतर ज्यांना हवा त्यांनी हरिपाठासाठी थांबावे आणि बाकीच्यांना व्हरांड्यात किंवा दुसऱ्या खोलीत बसायला चांगली जागा असावी. जागा नसेल, तर माणूस खोलीतच कोंडला जातो.

थंडीच्या दिवसांत सहली काढता येतील. ताजबागेत बाबा ताजुद्दीन यांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक श्रद्धेने जातात, हे नागपूरकरांना सांगायला नको. मात्र दर्ग्यावर जाणे काही मुस्लिमांनाही मान्य नसते, तेव्हा तेथेही आधी विचारावेच. दीक्षाभूमीला अशोक विजयादशमीची, म्हणजे दसऱ्याला साजऱ्या होणाऱ्या धम्मदीक्षेच्या स्मरणदिनाची, गर्दी टाळून जावे, कारण व्हीलचेअर घेऊन त्या दिवशी आत शिरणे कठीण असते.

उत्तर : परिचारिका, सदर

मी ज्येष्ठांच्या सेवेत आहे, म्हणून प्रकृतीच्या बाजूने लिहिते. उपवास हा सर्वांत नाजूक विषय आहे. इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीने जेवण टाळले तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, तर साबुदाण्याच्या उपवासाने ती वाढते. इस्लाममध्ये आजारी व अतिवृद्ध व्यक्तींना रोज्यातून सवलत आहे आणि त्याऐवजी फिदिया, म्हणजे गरिबांना अन्नदान, देण्याची तरतूद आहे. पण हे परिचारिकेने सांगण्यापेक्षा मौलानांनी सांगितलेले आजोबांना अधिक पटते, म्हणून रमजानपूर्वी डॉक्टर, कुटुंबीय आणि मौलाना यांचे एकत्र बोलणे व्हावे. जैन आजी सूर्यास्तानंतर पाणीही घेत नसतील, तर रात्रीच्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी, अन्यथा ती गोळी उशीखाली जाते.

नमाज खुर्चीत बसून किंवा पडूनही अदा करता येते. नागपूरहून किब्ला, म्हणजे नमाजाची मक्केकडील दिशा, पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला येतो. भिंतीवर छोटी खूण करून ठेवली की रोज विचारावे लागत नाही. ख्रिस्ती रहिवाशांसाठी त्यांच्या चर्चला कळवले तर धर्मगुरू कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद) घेऊन येतात, मात्र गिळण्याचा त्रास असेल तर त्यांना आधी सांगावे. दम्याच्या रुग्णांजवळ धूप-उदबत्ती नको. माईकचा आवाज बेताचा ठेवावा, कारण श्रवणयंत्र लावणाऱ्यांना तो सहन होत नाही.

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्यांसाठी नवे काही शोधू नका. मुलांची नावे विसरलेली व्यक्तीही बालपणी पाठ केलेली प्रार्थना पुष्कळदा अखंड म्हणते. फक्त ती तिच्याच भाषेत आणि तिच्याच चालीत हवी. ती चाल कुटुंबीयांकडून फोनवर रेकॉर्ड करून घ्या आणि दिवेलागणीला, जेव्हा अशा रुग्णांची अस्वस्थता वाढते, तेव्हा हळू आवाजात लावा.

प्रश्नकर्त्या

सर्वांचे मनःपूर्वक आभार. २२ प्रतिज्ञांचा संदर्भ मी उद्याच कर्मचाऱ्यांच्या बैठकीत सांगणार आहे. चहाची अर्ध्या तासाची बैठक हरिपाठापासून वेगळी करण्यास व्यवस्थापनाची हरकत नसावी; व्हरांड्यात पंखे आणि खुर्च्या मात्र मागून घ्याव्या लागतील. जैन आजींच्या रात्रीच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलते. आता एकच विचारायचे राहिले. बाहेरून येणारी मंडळे ज्यांनी बोलावले त्यांच्यापुरतीच थांबावीत आणि इतर खोल्यांत जाऊन कोणाला आपल्या मार्गाकडे वळवू नये, अशी लेखी नियमावली कोणत्या निवासात असल्यास तिचा नमुना कृपया येथे द्यावा.