वाडा परिवार ग्रुप : स्प्रिंगवाली की गॅसवाली?

वैशाली वहिनी: ओमसाठी बंदूक घ्यायचं ठरलं कधी? दुपारपासून फोटोवर फोटो. मले कोणी विचारलं का?

मनीषदादा: वहिनी, एअर रायफल आहे. शाळेच्या ओपन साइट स्पर्धेसाठी, म्हणजे दुर्बीण न लावता नेम धरायचा. दोनच उरल्या आता, एक स्प्रिंगवाली, एक गॅसवाली (स्प्रिंगच्या जागी कोंडलेला गॅस). दोन्ही ४.५ मिमी छऱ्याच्या, भावात फारसा फरक नाही.

कुसुम आत्या: बिल पक्कं घ्या रे. त्यावर सिरीयल नंबर पायजे.

बंडूभाऊ: गॅसवालीच घ्या. ताकद जास्त. बगीच्यातल्या वानरांलेही कामी येईन.

मनीषदादा: भाऊ, तो विषय बंद. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात नुसतं जखमी केलं तरी ती शिकारच.

बंडूभाऊ: म्हणजे संत्रा वानरानं खायचा अन् कायदा आपण पाळायचा 🙏

अण्णाकाका: संत्र्याचं निघालंच तर बोअरच्या लाईटबिलाचा हिस्सा टाका. अंबिया बहाराले पाणी सर्वांनीच घेतलं.

बंडूभाऊ: अण्णा, ते इथं नको. कोणी किती तास मोटर चालवली तेही निघन मग.

स्वप्नील: ताकदीवर जाऊ नका. ८ ग्रेनचा छर्रा म्हणजे ०.५२ ग्रॅम. २०० मीटर प्रतिसेकंदानं सुटला तर १० ज्यूलच्या थोडं वर. परवान्याशिवायची मर्यादा २० ज्यूल. १० मीटरवर कागद फोडाले १० ज्यूलही जास्तच. अन् डब्यावरचा वेग बहुतेक हलक्या छऱ्याचा असते.

बंडूभाऊ: पण स्प्रिंग बसते ना लवकर?

स्वप्नील: कॉक करून, म्हणजे स्प्रिंग दाबून, तासन्‌तास ठेवली तर बसते. तिथं गॅसवाली बरी, हे खरं. पण गॅस लीक झाला तर अख्खा रॅम, म्हणजे गॅसची नळी, बदला. टिनाच्या खोलीत तापली की दाब वाढते, वेग बदलते. स्प्रिंग बदलता येते, फक्त स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावूनच खोला. दाबातली स्प्रिंग सुटली तर तोंडावर येते.

बंडूभाऊ: नळीत दोन थेंब तेल सोडलं की झकास चालते.

स्वप्नील: बिलकूल नाही! तेल चेंबरमध्ये उतरलं की दाबाच्या गरमीनं पेटते. धूर, फटाक्यासारखा आवाज, अन् सील जळते. छऱ्याशिवाय ट्रिगरही दाबू नका, पिस्टन आपटते.

कुसुम आत्या: बिलावर सिरीयल नंबर. आधारची झेरॉक्स न्या.

वैशाली वहिनी: आत्या, वाचलं. पोराच्या हाताचं काय ते सांगा कोणी.

मनीषदादा: बॅरल (नळी) खाली वाकवून छर्रा भरताना दुसऱ्या हातानं बॅरल घट्ट धरून ठेवायची, बंद होईपर्यंत सोडायची नाही. मधेच ट्रिगर सुटला तर बॅरल झटक्यात मिटते, बोटं सापडतात. म्हणून दुकानात ओमलेच कॉक कराले लावू. दम लागला तर ती रायफल त्याची नाही. मले वाटते स्प्रिंगवालीच, कमी जोराची.

स्वप्नील: तिथंच बॅरलच्या जोडावर टिश्यूची पट्टी ठेवून झाडा. पट्टी उडाली तर सील गळते, दुसरा पीस मागा. मग १० मीटरवर पाच छर्रे. रुपयाच्या नाण्यात बसले तर घ्या. स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू ढिले असले तर छर्रे फाकून लागतात, आधी ते आवळा. पुढचा हात नुसता टेकवा, करकचून धरू नका.

बंडूभाऊ: दुर्बीण?

स्वप्नील: ओपन साइटची स्पर्धा आहे भाऊ, दुर्बीण चालतच नाही. अन् हिचा झटका मागेही येते, पुढेही. साधी दुर्बीण आतून खिळखिळी होते.

वैशाली वहिनी: ठीक. स्प्रिंगवाली घ्या. कुलूप कपाटाले, किल्ली माझ्याकडे. अंगणात टिनाच्या डब्यावर नेम धरलेला दिसला तर रायफल परत.

मनीषदादा: मान्य. खोक्यात जुनी लुगडी ठासून भरू, मागं जाड प्लाय. छर्रा उलटत नाही. शिसं आहे, जेवणाआधी साबणानं हात.

अण्णाकाका: छर्रे कोणते आणायचे? अन् लाईटबिल?

स्वप्नील: चपट्या तोंडाचे, अण्णा. कागदाले साफ गोल भोक पडते, पॉइंट मोजताना भांडण होत नाही. लाईटबिलाचं बंडूभाऊ सांगतीन.